संगणक, त्याची डिस्क आणि दुभाषे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातले मुख्याध्यापक एक लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या घरी आले. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तर, हा गेला म्हणतात."

मी विचारले, "कोण म्हणतं?"

"दुरुस्तीवाला. आतली डिस्कच मेली म्हणे. नवी घाला, जुनं विसरा, असं सांगितलं त्यानं."

नवी डिस्क घालणे फारसे अवघड नव्हते. पण जुने विसरणे मुख्याध्यापकांना शक्य नव्हते, आणि त्याला कारणही तसेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यातली अनेक गावे पाण्याखाली गेली. त्या वेळी या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे भिजली. शिक्षकांनी पाने सुटी करून उन्हात वाळवली आणि जी वाचता येत होती त्यांचे फोटो काढून ठेवले. पुढे कागदाचा भुगा झाला. फोटो मात्र राहिले, आणि ते राहिले या एका लॅपटॉपात. गावातल्या कोणा आजोबाला जन्मतारखेचा दाखला हवा असो, की नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी असो, आधार एवढाच होता. दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती हे खरे. पण ते शहाणपण आपल्याला नेहमी उशिराच सुचते.

तर श्रोतेहो, ती डिस्क मेली नव्हती. ती आतून धडधाकट होती. दुरुस्तीवाल्याने जो पेनड्राइव्ह लावून संगणक उघडू पाहिला, त्या पेनड्राइव्हला तिची भाषा येत नव्हती, एवढेच. ही भाषा म्हणजे काय, ती पेनड्राइव्हला आधीच कशी शिकवून ठेवावी, आणि हे न कळल्यामुळे चांगली यंत्रे भंगारात कशी जातात, हे आज सांगावयाचे आहे.

आता असे पाहा. आपला मुलूख कर्नाटकाच्या हद्दीला लागून. बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गावचा शेतकरी माल घेऊन येतो. तो बोलतो कानडी, घेणारा बोलतो मराठी. दोघेही शहाणे, मालही चोख. पण मध्ये दोन्ही भाषा जाणणारा माणूस नसेल तर व्यवहार खुंटतो. संगणकाच्या पोटातही असाच प्रकार असतो. विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही सगळा कारभार पाहणारी. तिच्या हाताखाली डिस्क, कळफलक, पडदा, वाय-फाय, छपाईयंत्र अशी नाना अवयवांची मंडळी. प्रत्येक अवयव वेगळ्या कारखान्यातला आणि प्रत्येकाची बोली निराळी. या दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचे दुसऱ्याला समजावून देणारा जो लहानसा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव ड्रायव्हर असले तरी काम मोटार हाकणाऱ्याचे नव्हे, दुभाष्याचे आहे.

चालत्या संगणकात असे शेकडो दुभाषे आधीच नेमलेले असतात, म्हणून आपल्याला त्यांची जाणीव होत नाही. अडचण येते ती संगणक कोरा असताना किंवा आतली प्रणाली बिघडली असताना. मग आपण बाहेरून प्रणाली आणतो. पूर्वी ती सीडीवर येई, मग डीव्हीडीवर, आता बहुधा पेनड्राइव्हवर. संगणक तिच्यावरून सुरू होऊ शकतो म्हणून तिला बूट डिस्क म्हणावयाचे. आता पेच असा: संगणकातल्या हार्ड डिस्कवर प्रणाली बसवायची, तर ती डिस्क दिसली पाहिजे. डिस्क दिसायला दुभाष्या पाहिजे. आणि बूट डिस्कवर तो दुभाष्या नसेल, तर तो प्रणाली बसल्यावर मागाहून घालू, असे म्हणता येत नाही. कारण प्रणालीच बसत नाही. किल्ली पेटीत राहिली आणि पेटीला कुलूप लागले, त्यातली ही गत.

येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, मग तो पेनड्राइव्ह तरी संगणकाने वाचला कसा? त्यालाही दुभाष्या लागतोच की!" प्रश्न फार चांगला आहे. बटण दाबल्याबरोबर संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कायम भरून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. त्याच्यापाशी स्वतःचे कामचलाऊ दुभाषे असतात. ते पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावरची प्रणाली स्मृतीत आणून सोडतात. पण प्रणालीने कारभार हाती घेतला की हे कामचलाऊ दुभाषे बाजूला होतात. त्या क्षणापासून प्रणालीने आपले दुभाषे बरोबर आणले असतील तर ठीक. नसतील तर समोर असलेली वस्तूही तिला दिसत नाही.

बरे, हे दुभाषे मुळात का नसतात? बूट डिस्क तयार करणाऱ्यांचा निष्काळजीपणा म्हणावा, तर तसेही नाही. डिस्क एका वर्षी तयार होते आणि यंत्रे पुढच्या वर्षी बदलतात. विंडोज एक्सपी २००१ साली आली. साटा जातीच्या हार्ड डिस्का त्यानंतर रूढ झाल्या. त्यामुळे एक्सपीची सीडी नव्या यंत्रात घातली की पुष्कळदा "हार्ड डिस्क सापडत नाही" असा निरोप येई. तेव्हा सुरुवातीलाच एफ-६ ही कळ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे. आणि नव्या यंत्रांना तर फ्लॉपीची खाचच उरली नव्हती! पुढे २००९ साली विंडोज ७ आली. तिच्या मूळ डिस्कवर यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते. २०१५ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या नव्या पिढीच्या यंत्रांवर ती बसवू गेले की भाषा निवडण्याचा पहिला पडदा येई, आणि तेथेच कळफलक व माऊस दोन्ही मुके होत. क्षणापूर्वी बायोसमध्ये चालणारा कळफलक येथे का चालत नाही, हे कोडे वाटे. त्याचे उत्तर आपण आताच पाहिले: बायोसचा दुभाष्या बाजूला झाला आणि विंडोजचा दुभाष्या आलाच नव्हता.

आमच्या मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपचे दुखणे याच जातीचे होते, फक्त पिढी पुढची. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या अनेक लॅपटॉपांत, डिस्क ही व्हीएमडी नावाच्या एका नियंत्रकाच्या आड बसवलेली असते. त्याचा ड्रायव्हर बूट डिस्कवर नसेल तर विंडोजच्या यादीत एकही डिस्क दिसत नाही. रिकामी यादी पाहून दुरुस्तीवाल्याने डिस्क मेली असे ठरवले. त्याला मी फार दोष देत नाही. न दिसणे आणि नसणे यांतला फरक आपण माणसांच्या बाबतीतही पुष्कळदा विसरतो.

आता उपाय. एकाच यंत्राचे काम असेल तर सोपी वाट अशी की ड्रायव्हरच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि डिस्कांच्या रिकाम्या यादीपाशी 'लोड ड्रायव्हर' असे बटण असते ते दाबून त्या दाखवाव्यात. पण शाळेत एकाच बनावटीची अनेक यंत्रे असतात आणि ती निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या माणसांच्या हाती पडतात. अशा ठिकाणी दुभाष्याला बूट डिस्कमध्येच कायमचा बसवून ठेवलेला बरा. ते कसे करावयाचे, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी नीट ध्यानात घ्यावे.

पहिले काम, योग्य ड्रायव्हर मिळवणे. लॅपटॉपच्या पाठीवर त्याचे मॉडेल लिहिलेले असते. ते पाहून यंत्र करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो घ्यावा. तेथे तो पुष्कळदा 'एक्झी' रूपात, म्हणजे गाठोडे बांधून, मिळतो. गाठोडे सोडल्याशिवाय उपयोग नाही. आत 'आयएनएफ' शेवट असलेली एक फाइल निघते. हे दुभाष्याचे ओळखपत्र. तो कोणत्या यंत्रभागाची भाषा जाणतो हे तिच्यात लिहिलेले असते. 'सिस' शेवट असलेली फाइल म्हणजे प्रत्यक्ष दुभाष्या, आणि 'कॅट' ही त्याच्यावरची सही-शिक्का असलेली चिठ्ठी. तिन्ही एकत्र ठेवावीत. शाळेत त्याच बनावटीचे दुसरे चालू यंत्र असेल तर आणखी सोपे. विंडोजमध्ये 'डिझम' नावाचे हत्यार आधीपासूनच असते. त्याच्या 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर' या आज्ञेने चालू यंत्रातले बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घेता येतात. त्याला इंटरनेटही लागत नाही. आमच्या शाळेत त्याच खरेदीतले आणखी पाच लॅपटॉप होते. त्यांपैकी एकाकडून आम्ही दुभाष्या उसना घेतला.

दुसरे काम, तो कोठे बसवायचा हे ओळखणे. येथेच बहुतेकांची चूक होते. विंडोजच्या बूट डिस्कवर 'सोर्सेस' नावाच्या फोल्डरात दोन मोठ्या फाइली असतात. एक 'बूट.विम' आणि दुसरी 'इन्स्टॉल.विम'. पहिली ही लग्नघरी आधी येऊन मांडव घालणारी मंडळी. पेनड्राइव्हवरून जी छोटी विंडोज उठते आणि बसवणुकीचे काम करते ती हिच्यात असते. दुसरी म्हणजे खरे बिऱ्हाड, हार्ड डिस्कवर कायम राहायला जाणारी विंडोज. ड्रायव्हर फक्त दुसरीत घातला तर बसवताना डिस्क दिसणार नाही. फक्त पहिलीत घातला तर बसवणूक पार पडूनही पुढे प्रणाली उघडताना ती अडण्याची भीती राहते. म्हणून दुभाष्या दोन्ही ठिकाणी हवा. शिवाय बूट.विममध्ये दोन कप्पे असतात. त्यांतला दुसरा कप्पा बसवणुकीचा. इन्स्टॉल.विममध्ये होम, प्रो वगैरे आवृत्त्यांचे निरनिराळे कप्पे असतात. आपण जी आवृत्ती वापरणार तिच्या कप्प्यात ड्रायव्हर घालावा.

तिसरे काम, प्रत्यक्ष बसवणे. बूट डिस्कवरच्या सगळ्या फाइली चालू संगणकाच्या एका फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात. 'फक्त वाचा' अशी खूण त्यांच्यावर असेल तर ती काढावी, नाहीतर बदल जतन होत नाही. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने आज्ञांची खिडकी उघडून डिझमला तीन आज्ञा क्रमाने द्यावयाच्या. 'माउंट' म्हणजे विम फाइलचा कप्पा एका रिकाम्या फोल्डरवर उघडणे. 'ॲड-ड्रायव्हर' म्हणजे त्यात ड्रायव्हर घालणे. येथे 'रिकर्स' हा शब्द जोडला की पोटफोल्डरांतले ड्रायव्हरही घेतले जातात. आणि 'अनमाउंट' म्हणजे कप्पा बंद करणे; येथे 'कमिट' हा शब्द विसरू नये. तो विसरला आणि 'डिस्कार्ड' म्हटले तर केलेले सगळे काम पुसून जाते. हीच तिन्ही पावले दोन्ही विम फाइलींसाठी करावीत आणि तयार झालेल्या फाइली पेनड्राइव्हवर परत ठेवाव्यात.

दोन लहान खड्डे वाटेत आहेत. काही वेळा इन्स्टॉल.विमऐवजी 'इन्स्टॉल.ईएसडी' अशी घट्ट दाबलेली फाइल मिळते. तिच्यात थेट बदल करता येत नाही. आधी डिझमनेच तिचे विममध्ये रूपांतर करावे लागते. आणि फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तेव्हा मोठ्या विमचे डिझमने तुकडे करून ठेवावेत. विंडोज ते तुकडे ओळखते.

आता आमच्या लॅपटॉपचे काय झाले ते सांगतो. आम्हाला विंडोज नव्याने बसवायची नव्हती, आधी फोटो बाहेर काढायचे होते. म्हणून तूर्त फक्त बूट.विममध्ये ड्रायव्हर घातला. पेनड्राइव्ह लावला, पहिला पडदा आला. तेथे शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकदम दाबल्या की आज्ञांची काळी खिडकी उघडते. तिच्यात 'नोटपॅड' असे लिहिले. नोटपॅडमध्ये 'ओपन' म्हटले, 'सर्व फाइली' दाखव असे सांगितले, आणि मेलेली म्हणून सांगितलेली डिस्क समोर उभी राहिली. फोल्डर तसेच होते, वर्षावार लावलेले. त्याच खिडकीतून ते उचलून दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हांवर उतरवले. मुख्याध्यापक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक प्रत तुमच्याकडं ठेवा, मास्तर. नदीपासून लांब आहात."

प्रत्येकाचे नशीब एवढे चांगले असेलच असे नाही. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर ड्रायव्हर असूनही त्या कुलपाची लांबलचक संख्या लागते. ती आजच कोठे लिहून ठेवली आहे ते पाहावे. आणि डिस्क खरोखरच मेलेली असेल तर कोणताही दुभाष्या मेलेल्या माणसाला बोलते करू शकत नाही.

विंडोजखेरीज दुसरी वाट लिनक्सची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २ आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून शाळांतली कितीतरी जुनी यंत्रे तिला अपात्र ठरतात. त्यांच्यासाठी ही वाट विशेष महत्त्वाची. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच, नांदतात, आणि सुरुवातीला लागणारे इनिट्रॅमएफएस नावाच्या एका छोट्या शिदोरीत बांधलेले असतात. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स ही सीडी काढली. आतल्या हार्ड डिस्कला हातही न लावता संगणक सीडीवरून उठतो आणि समोरचे अवयव आपले आपण ओळखतो, हे त्यांनी दाखवून दिले. व्हीएमडीमागची डिस्कसुद्धा नव्या कर्नलच्या लिनक्सला पुष्कळदा दिसते; म्हणून अशी एक डिस्क पदरी असावी.

तरी लिनक्सलाही जुळवणी चुकत नाही. पुष्कळ वाय-फाय कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर नावाचा खुराकही द्यावा लागतो. डेबियन या प्रसिद्ध लिनक्सच्या अधिकृत डिस्कवर, मुक्त नसल्याच्या कारणाने, तो ठेवीत नसत; जून २०२३ मध्ये निघालेल्या १२ व्या आवृत्तीपासून तो ठेवू लागले. आपल्या देशात सीडॅक या संस्थेने २००७ साली डेबियनच्याच पायावर 'बॉस' ही कार्यप्रणाली काढली; तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. केरळात 'काईट' ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्स प्रणाली तयार करून देते. शाळांची गरज पाहून डिस्क आपण घडवू शकतो, हे या उदाहरणांवरून ध्यानात येईल.

शेवटी चार सावधगिरीच्या गोष्टी. एक, ड्रायव्हर मूळ कंपनीकडूनच घ्यावा. सगळ्या यंत्रांचे हजारो ड्रायव्हर एकत्र भरलेली फुकटची पोती मिळतात. त्यांतून काय घरात येईल सांगवत नाही. दुभाष्या लबाड निघाला तर मालकाला कळतही नाही. सही-शिक्का नसलेला ड्रायव्हर घालू नये. दोन, ६४ बिटांच्या प्रणालीला ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो. तीन, परवान्याची प्रणाली वापरावी. ड्रायव्हर घातल्याने परवाना मिळत नाही. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची: डिस्क दिसू लागली म्हणजे ती पुसताही येते. यादीत दोन डिस्का असतील तर कोणती कोणाची हे आकार पाहून खात्री करावी, आणि आतले काम दुसरीकडे उतरवल्याशिवाय 'फॉरमॅट'वर बोट ठेवू नये. तयार झालेली बूट डिस्क आधी एका यंत्रावर पारखावी. पारखली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी: कोणत्या मॉडेलसाठी, कोणते ड्रायव्हर, कोणत्या तारखेला. पुढच्या वर्षी आपली बदली झाली तरी मागून येणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले, ते आखीव रस्त्यांचे. घरे बांधून झाल्यावर रस्ते काढू, असे म्हटले असते तर आज गावात बैलगाडी वळली नसती. संगणकाच्या डिस्कचेही तेच आहे. ज्याची गरज दाराशी लागणार, ते आत ठेवून चालत नाही. ते बरोबरच न्यावे लागते.

मुख्याध्यापकांच्या शाळेत आता ती बूट डिस्क एका डब्यात, चिठ्ठीसकट, कपाटाच्या वरच्या खणात आहे. आपल्या शाळेतही कोपऱ्यात एखादा "गेलेला" संगणक पडला असेल. त्याला भंगारात घालण्याआधी एकदा दुभाष्या घेऊन त्याच्याशी बोलून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.